भांड्यावरचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाई जेव्हा मला बोलण्याचा आग्रह करावयास आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, "मला कुठले भाषण येते? फार तर कटाच्या आमटीवर चार शब्द बोलेन." त्या म्हणाल्या, "आमटीवर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. तुम्ही अमेरिकेत तीन महिने राहून काय पाहिलेत ते सांगा." आता आली का पंचाईत! कारण खरे सांगावयाचे तर मी अमेरिकेत भांडी पाहिली. आमच्या जाऊबाईंनी हे ऐकले मात्र, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, "एवढा विमानाचा खर्च करून गेलीस, आणि भांडीच बघून आलीस ना? ती काय आपल्या घरात कमी होती?"

होती खरी. पुष्कळ होती. त्यांतली एक मी घालवली, त्याचीही हकीकत ओघाने सांगणार आहे. पण आधी अमेरिकेची.

२०१८ साली मी न्यूयॉर्कला मुलीकडे गेले. मुलगी व जावई दोघेही नोकरीवर, नातू शाळेत. दुपारभर घर खायला उठे. तेव्हा मुलीने मला मेट्रोपॉलिटन म्युझियमचा रस्ता दाखवून दिला आणि म्हणाली, "आई, इथे कितीही वेळ बस, कोणी उठवणार नाही." ते संग्रहालय म्हणजे आपला नवा राजवाडा दहा-वीस वेळा एकापुढे एक मांडला तरी पुरणार नाही एवढे. दारातून आत शिरले की उजव्या हाताला इजिप्त देश आणि डाव्या हाताला ग्रीस व रोम. मी आपली डावीकडे वळले. सुरुवातीला सगळे संगमरवरी पुरुष उभे. कपड्यांच्या बाबतीत त्यांचा एकंदर कारभार बेताचाच, तेव्हा तेथून मी भराभर पुढे सरकले. आणि एका दालनात काचेच्या कपाटांतून मातीची भांडीच भांडी! तांबूस अंगावर काळी चित्रे, किंवा काळ्या अंगावर तांबूस चित्रे. तेथे मात्र माझा पाय अडला तो अडलाच. तीन महिन्यांत सात-आठ वेळा तरी मी त्या दालनात जाऊन बसले असेन.

त्यांतली एक तेलाची कुपी मला फार आवडली. ग्रीक लोक अशा कुपीला लेकिथोस म्हणत. उंची वीतभरही नाही. अथेन्स शहरात इ.स.पूर्व ५५० ते ५३० च्या दरम्यान केव्हातरी ती केलेली आहे. म्हणजे आपल्याकडे गौतम बुद्धांचा काळ म्हणतात त्याच्या आसपासची. तिच्या पोटावर चित्र काय असावे? मला वाटले होते, कुठली तरी लढाई असेल, कारण शेजारच्या सगळ्या भांड्यांवर ढाली आणि भालेच होते. पण हिच्यावर सगळ्या बायका आहेत, आणि सगळ्या कामात आहेत. मधोमध उभा माग. दोघी जणी त्यावर विणत आहेत. पलीकडे तिघी जणी तराजूत लोकर तोलत आहेत. त्याच्याही पुढे चौघी जणी सूत काढत आहेत, आणि मध्येच विणून झालेल्या कापडाच्या घड्या चालल्या आहेत. अगदी कुरडया घालण्याच्या दिवशी आपल्या गच्चीवर जी धांदल असते ना, तसा तो सगळा देखावा. वरती कुपीच्या खांद्यावर एक बाई आसनावर बसली आहे, ती देवी असावी असे जाणत्यांना वाटते, आणि तिच्या दोन्ही अंगांनी मुली नाचत आहेत.

त्या मागाविषयी थोडे सांगते, कारण आपल्या हातमागाहून तो निराळा. आपला विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि ताणा त्याच्यासमोर आडवा असतो. ग्रीक बायकांचा माग भिंतीला टेकून उभा. ताण्याचे धागे वरच्या दांडीवरून खाली सोडायचे आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली मातीची वजने बांधायची. विणायचे वरून खाली, आणि बाणा ठोकायचा मात्र खालून वर. म्हणजे बाई दिवसभर उभी, आणि हात सारखे डोक्याच्या वर. माझे तर चित्र पाहूनच खांदे दुखू लागले. त्या मागावरचे कापड आज जवळजवळ काहीच उरलेले नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत जुनी वस्त्रे टिकली, पण ग्रीसच्या ओल्या जमिनीत ती कुजून गेली. उरली ती मातीची वजने. भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने जेथे जेथे खणावे तेथे ती सापडतात. त्यांवर चित्र नाही की नक्षी नाही, म्हणून बिचारी बहुतेक कोठारांतल्या खणांत पडून असतात. काचेच्या कपाटात जागा मिळते ती चित्राच्या कुपीला.

ह्या कुपीच्या जोडीची दुसरीही एक कुपी तेथेच आहे, त्याच चितार्‍याच्या हातची. संग्रहालयाने एक १९३१ साली घेतली व दुसरी १९५६ साली. दुसरीवर लग्नाची वरात आहे. वधूवर गाडीत बसले आहेत, मागच्या गाडीत पाहुणे आहेत, आणि वरात निघाली आहे नवर्‍यामुलाच्या घरी. घराचे दार उघडे, आणि आत दिसते कोण? हातात मशाल घेऊन उभी असलेली सासू! मी काचेला नाक लावून किती तरी वेळ तिच्याकडे पाहत होते. अडीच हजार वर्षे ती सून येण्याची वाट पाहत उभी आहे. वरात काही दाराशी पोचत नाही.

आता हा चितारी कोण? त्याचे नाव कोणालाच माहीत नाही. पण ज्या कुंभाराची भांडी तो रंगवीत असे त्याने काही भांड्यांवर "अमासिसने मला केले" असे लिहून ठेवले आहे. भांडेच बोलते आहे असे ते लिहिणे. म्हणून ह्या बिननावाच्या चितार्‍याला आज "अमासिसचा चितारी" म्हणतात. आणि तो काळा रंगही रंग नव्हेच. त्याच मातीची अगदी गाळून गाळून घेतलेली बारीक निवळ ती. भट्टीत आधी हवा खेळती ठेवायची, मग हवा कोंडून ओली लाकडे घालायची म्हणजे सगळे भांडे काळे पडते, आणि मग पुन्हा हवा सोडायची; तेव्हा साधे अंग परत तांबडे होते आणि निवळ लावलेला भाग काळाच राहतो. हे सगळे एकाच भाजणीत. आपल्या शाहूपुरीतल्या कुंभारवाड्यात एखाद्या म्हातार्‍या कारागिराला विचारावे, हवा कोंडण्याची वेळ जरा चुकली तर काय होते ते. तो सांगेल.

पाणी आणण्याच्या घागरींचेही एक कपाट आहे. ग्रीक लोक तिला हायड्रिया म्हणतात आणि तिला तीन कान असतात. दोन बाजूंचे दोन आडवे कान उचलण्यासाठी, आणि मागचा उभा कान पाणी ओतताना धरण्यासाठी. ही युक्ती आपल्या घागरीला कोणी का लावली नाही कोण जाणे. त्या घागरींवर पुष्कळदा पाणवठ्याचेच चित्र असते. सिंहाच्या तोंडातून पाण्याची धार पडते आहे, बायका रांगेत उभ्या आहेत, बोलत आहेत. जी पाण्याला निघाली तिची रिकामी घागर डोक्यावर आडवी, जी भरून परत चालली तिची उभी. काही चित्रांत डोक्यावरची चुंबळसुद्धा दिसते. आणि काही घागरींवर त्या बायकांच्या शेजारी बारीक अक्षरांत त्यांची नावे लिहिली आहेत! अथेन्समधल्या मोठ्या घरच्या बायकांचे नाव चारचौघांत घेण्याची रीत नव्हती, पण घागरीवर कोणी तरी ती लिहिली.

तेथे एक काशाचीही घागर आहे. इ.स.पूर्व पाचव्या शतकातली. तिच्या काठावर अक्षरे कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ असा की, आर्गॉस येथील हेरादेवीच्या खेळांतले हे एक बक्षीस आहे. ते वाचले आणि मला एकदम हसू आले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आले. कारण काठावर अक्षरे कोरलेले भांडे आपल्यापैकी कोणाच्या घरी नाही? "चि. सौ. कां. अमकी हीस मामाकडून", "तमक्याच्या मुंजीत आत्याकडून", खाली साल व तिथी. आपल्या पिढीपर्यंत सगळ्यांची मांडणी अशी वाचता येण्यासारखी होती.

आता ती हकीकत सांगते. माझे लग्न १९६९ साली झाले. त्या वेळी माझ्या आजीची, म्हणजे आईच्या आईची, एक तांब्याची कळशी मला मिळाली. तिच्या गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरे होती. आजीचे ते माहेरचे नाव होते. आमच्या घरात आजीला सगळे सासरच्याच नावाने ओळखत. लग्नात नाव बदलले ते बदलले. आईलासुद्धा तिने आपले पहिले नाव कधी सांगितले की नाही, देव जाणे. त्या कळशीवर तेवढे ते होते. मी ती पाच वर्षे चिंच नि राख लावून रोज घासली. अक्षरे लखलखीत ठेवली, पण बाई, कधी उभी राहून वाचली म्हणून नाही. "हीस मामाकडून" एवढे मला स्पष्ट आठवते. त्याच्या आधीची अक्षरे आठवत नाहीत. १९७४ साली घरोघर स्टीलचे वारे आले. मोड द्या आणि चकचकीत डबे घ्या! मलाही हौस आली. मी कळशी, दोन परात्या आणि एक घंगाळ काढून दिले. दुकानदाराने कळशी तराजूत टाकली, वजन केले आणि माझ्यासमोरच हातोडीने तिचा गळा चेपला, जागा कमी लागावी म्हणून. मला सात डबे मिळाले. त्यांतले तीन अजून आहेत.

मुलीचा मुलगा अमेरिकेत शाळेत वंशावळ काढीत होता. त्याने विचारले, "आजी, तुझ्या आजीचे नाव काय?" मी सासरचे सांगितले. तो म्हणाला, "आणि त्याच्या आधीचे?" मी गप्प बसले. विचारावे असे आता कोणी राहिलेले नाही.

ह्या प्रश्नानंतरच मी त्या दालनात नावे शोधू लागले. आणि एका पुस्तकात मला तातायी भेटली.

तातायी ही इटलीतल्या कुमे नावाच्या ग्रीक वसाहतीतली बाई. नेपल्सजवळचे हे गाव. तिची तेलाची एक चिमुकली कुपी, मुठीत मावेल एवढी, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स.पूर्व सातव्या शतकातली, म्हणजे अमासिसच्या कुपीपेक्षाही शंभर-सव्वाशे वर्षे जुनी. कुपीच्या अंगावर भोवताली फिरत गेलेली अक्षरे ओरखडून काढलेली आहेत. त्यांचा मतलब असा, की मी तातायीची कुपी आहे, आणि जो कोणी मला चोरील तो आंधळा होईल! आपल्याकडे शिलाहारांच्या दानलेखांत शेवटी शाप घातलेला असतो ना, की हे जो मोडील त्याचे असे असे होवो, तसाच हा शाप. पण तो राजाने जमिनीसाठी घातलेला, आणि हा एका बाईने आपल्या वेणीफणीच्या तेलासाठी घातलेला. तातायी कोणाची मुलगी, कोणाची सून, तिला मुले किती, काही म्हणजे काही माहीत नाही. नाव आणि तिखट स्वभाव, दोन्ही टिकले. सव्वीसशे वर्षे!

जावयांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मग आता ब्रिटिश म्युझियमवाले आंधळे व्हायला हवेत!" हा विनोद झाला. पण त्यातूनच मला जे आज सांगावयाचे आहे ते सुचले, म्हणून आता जरा लक्ष देऊन ऐका. पुढल्या रांगेतल्या मुलांना कोणी तरी थोडे बाहेर न्या.

त्या दालनातल्या चिठ्ठ्या वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की पुष्कळ ठिकाणी एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. इंग्रजीत तो दोन-तीन शब्दांचा आहे, पण मराठीत आपल्याकडे त्याला एकच सुरेख शब्द आहे: "म्हणे". हे भांडे अमक्या गावी सापडले, म्हणे. ही मूर्ती तमक्या बेटावरची, म्हणे. एवढे मोठे पंडित, एवढ्या पैशाची संस्था, आणि हा "म्हणे" कशासाठी? तर ते भांडे जमिनीतून ज्याने काढले त्याने कोठून काढले हे सांगितलेलेच नाही. विकणार्‍याने जे सांगितले ते लिहून घेतले.

हे कसे झाले ते पाहा. ही अथेन्सची उत्तम भांडी फार मोठ्या संख्येने सापडली ती अथेन्समध्ये नव्हे, तर इटलीत. तेथे इट्रस्कन नावाचे श्रीमंत लोक राहत. ते अथेन्सहून जहाजांनी ही भांडी मागवीत आणि माणूस मेला की त्याच्याबरोबर थडग्यात ठेवीत. म्हणजे भांड्यांचे माहेर अथेन्स आणि सासर इट्रुरिया. सापडली सासरी, म्हणून पुष्कळ दिवस लोक त्यांना इट्रस्कनच समजत असत. त्यांचे खरे माहेर कळण्यास त्यांच्यावरची ग्रीक अक्षरे उपयोगी पडली. पाहिलेत ना, नाव लिहिलेले असले म्हणजे कसे होते ते!

१८२८ साली इटलीत वुल्ची नावाच्या गावी नांगराचा बैल जमिनीत खचला, आणि खाली थडगे निघाले. ती जमीन नेपोलियनच्या सख्ख्या भावाची, ल्युसियन बोनापार्टची. त्याने माणसे लावून खणावयास सुरुवात केली आणि थोड्याच काळात दोन हजारांवर रंगीत भांडी निघाली. ती युरोपभर विकली गेली. पुढे जॉर्ज डेनिस नावाचा एक इंग्रज प्रवासी त्या बाजूला गेला. त्याने १८४८ साली लिहिलेल्या पुस्तकात डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेवले आहे. थडग्यातून साधी, बिनचित्राची काळी भांडी निघत, ती मजूर तेथल्या तेथे फोडून टाकीत. बाजारात किंमत नाही, आणि चांगल्या मालाचा भाव पडू नये हाही हेतू. ते वाचून मला त्या दुकानदाराची हातोडी दिसली. ज्या भांड्यांत कोणी खरोखर शिजवले, ज्यांत पीठ मळले, ती फुटली. आणि शोभेची राहिली.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या काळचे झाले, तेव्हा लोकांना कळत नव्हते. तर दुसरी गोष्ट ऐका. १९७२ साली ह्याच न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने एक मोठे भांडे दहा लाख डॉलरना विकत घेतले. मद्यात पाणी मिसळण्याचे ते भांडे. ग्रीक लोक निर्जळ पीत नसत, पाणी घालून पीत. सुमारे ४५ लिटर मावेल एवढे मोठे. युफ्रोनिओस नावाच्या चितार्‍याने इ.स.पूर्व ५१५ च्या सुमारास रंगवलेले, आणि त्यावर त्याने स्वतःचे नाव लिहिलेले. चित्र असे आहे: ट्रॉयच्या लढाईत सार्पेडॉन नावाचा वीर पडला आहे. तो देवाधिदेव झ्यूसचा मुलगा, पण बापालाही त्याला वाचवता आले नाही. झोप आणि मृत्यू हे दोघे सख्खे भाऊ, पंख असलेले, त्याचा रक्ताळलेला देह हळुवार उचलीत आहेत. छायाचित्रात पाहूनही अंगावर काटा येतो. मग हे भांडे आले कोठून? विकणार्‍याने सांगितले, की लेबनॉनमधल्या एका गृहस्थांच्या घराण्यात ते पुष्कळ वर्षे होते. म्हणे!

खरे असे होते, की १९७१ च्या डिसेंबरात इटलीतल्या चेर्वेतेरी गावाजवळ चोरांनी रातोरात एक थडगे फोडून ते काढले होते. १९९५ साली जिनीव्हा शहरातल्या एका गोदामावर छापा पडला, तेथे नुकत्याच उकरून काढलेल्या, माती लागलेल्या वस्तूंची छायाचित्रे ढिगाने मिळाली, आणि अशा एकेका वस्तूचा माग लागत गेला. शेवटी २००६ साली करार झाला आणि २००८ साली ते भांडे इटलीला परत गेले. आज ते चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे. मी न्यूयॉर्कला गेले तेव्हा ते अर्थातच तेथे नव्हते. परत दिले हे चांगलेच झाले. पण भगिनींनो, भांडे परत आले तरी थडगे परत येत नाही. त्याच्याशेजारी आणखी काय ठेवले होते? ते थडगे बुवाचे होते की बाईचे? अंगावर दागिना होता का, पायाशी मुलाचे खेळणे होते का? चोरांनी जे विकण्याजोगे नव्हते ते तुडवले. ते आता त्रिभुवनात कोणालाही सांगता येणार नाही. भांड्यावर चितार्‍याचे नाव आहे, पण ज्याच्यासाठी ते ठेवले त्याचे गेले.

ह्यावर जावई म्हणाले, "आई, पण संग्रहालयांनी ही भांडी घेतलीच नसती, तर तुम्हाला ती कुपीवरची सासू कोठे दिसली असती?" हे खरे आहे, आणि मी ते नाकारीत नाही. काचेच्या आड ठेवून, पुसून, सांभाळून त्यांनी ती माझ्यासारख्या कोल्हापूरच्या बाईला दाखवली. मी त्यांची ऋणी आहे. माझे म्हणणे एवढेच, की वस्तू सांभाळणे निराळे आणि तिची हकीकत सांभाळणे निराळे.

हकीकत सांभाळली म्हणजे काय होते, त्याचेही एक उदाहरण देते, आणि ह्यात आपला महाराष्ट्र येतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताच्या राखेखाली इटलीतले पाँपेई शहर गाडले गेले, हे आपण शाळेत शिकलो. तेथे १९३८ साली रीतसर उत्खनन चालू असता एका घरात एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. वीतभर उंचीची, अंगावर दागिनेच दागिने, दोन बाजूंना दोन लहान सेविका, आणि घडण अगदी आपल्या देशातली. आधी तिला लक्ष्मी म्हणाले, आता पुष्कळ जण यक्षी म्हणतात. डोक्यात वरून भोक आहे, त्यावरून आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या आसनाचा पाय असेल, असे तर्क आहेत. तळाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षर आहे. पण मुख्य गोष्ट अशी, की ती कोणत्या रस्त्यावरच्या कोणत्या घरात मिळाली ह्याची नोंद आहे. त्या घराला आता "भारतीय मूर्तीचे घर" असेच म्हणतात. पुढे १९७३ च्या सुमारास आपल्या मराठवाड्यात भोकरदनला उत्खनन झाले, तेथे तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा निघाला. तेरच्या संग्रहालयातही तिची एक बहीण आहे. दोन्हीकडच्या जागा ठाऊक होत्या, म्हणून पंडितांना म्हणता आले, की ही पोर बहुधा दख्खनच्या बाजूने गेली असावी. तीच जर चोरबाजारातून आली असती तर चिठ्ठीवर काय लिहिले असते ते तुम्हीच सांगा.

आणि उलट दिशेने आलेली एक वस्तू तर आपल्या गावातच आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४ ते १९४६ च्या सुमारास जी काशाची भांडी आणि मूर्ती निघाल्या, त्यांत ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, एक लहानशी मूर्ती आहे. हात वर उगारलेला, हातातला त्रिशूळ मात्र गळून गेला आहे. सातवाहनांच्या काळी रोमन साम्राज्यातून गलबतांनी कोकणात आणि तेथून घाट चढून ती येथे आली. तिच्याबरोबर एक रोमन धाटणीचा काशाचा चंबूही निघाला. ही सगळी आपल्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात. आपण टाऊन हॉलच्या बागेत मुलांना खेळवायला किती वेळा गेलो? आत किती वेळा गेलो? मी विचारते आहे खरी, पण मी स्वतः न्यूयॉर्कहून परत आल्यावर पहिल्यांदा गेले. देव आपला वीतभरही नाही, पण उभा आहे ऐटीत.

तेव्हा माझ्या दोन सूचना आहेत, आणि अध्यक्षीणबाईंची परवानगी मी आधीच घेतली आहे. पहिली, येत्या बुधवारी भजनाऐवजी सगळ्यांनी अकराच्या सुमारास टाऊन हॉलपाशी जमायचे. चंबू पाहून झाल्यावर चहा माझ्याकडे.

दुसरी. ही दोनशे पानी वही मी आणली आहे. ज्यांच्या घरी नाव घातलेली जुनी भांडी अजून आहेत त्यांनी ती फडताळातून काढावी, मोडीत घालायची असली तरी आधी काढावी, आणि त्यावरची अक्षरे जशीच्या तशी ह्या वहीत उतरवून द्यावी. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्या घरी आमच्या शेजारच्या वहिनी आणि मी येऊ. शेजारी एवढेच लिहायचे, की हे नाव कोणाचे, ती कोणत्या गावची, भांडे कोणी दिले, आणि आता ते कोणाकडे आहे. नक्की ठाऊक नसेल तेथे "म्हणे" असे लिहायला हरकत नाही, पण म्हणणारीचे नाव लिहा. काल संध्याकाळी देशपांडे गल्लीतल्या एका काकूंनी आपल्या सासूबाईंचा गडू आणून दाखवला. त्यावर तीन पिढ्यांची नावे आहेत, एकाखाली एक. पहिली नोंद तीच केली आहे.

माझ्या कळशीची नोंदही मी केली आहे. "हीस मामाकडून" एवढेच लिहिले, आणि आधी जागा सोडली. माझ्या आजोळच्या बाजूचे, कागल भागातले, कोणी येथे बसलेले असेल आणि त्यांना काही ठाऊक असेल, तर चहाच्या वेळी मला भेटावे.